रायल्स ट्यूब सतत चोकअप होतेय? नळी बदलण्याआधी गोळ्यांची स्ट्रिप वाचा

घरोघरी जाऊन पेशंट बघणारी मी सिस्टर. ड्रेसिंग, कॅथेटर, इंजेक्शन सगळंच करते, पण सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात. "सिस्टर, नळी चोकअप झालीय, पाणीच उतरत नाहीये." नळी म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून पोटात जाणारी, जिच्यातून फीड म्हणजे पातळ अन्न आणि औषधं देतात. नायगावच्या चाळीतला तिसरा मजला असो नाहीतर ठाण्याच्या टॉवरमधला विसावा, तक्रार तीच आणि बहुतेक वेळा कारणही तेच. नळी बदलली की चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी परत फोन. दोष नळीत असता तर नवीन नळीने गेला असता. तो असतो सकाळच्या गोळ्यांत, आणि आपण त्या नळीत कशा घालतो त्यात.

काय काय दिसतं

सिरिंज उभी धरली की फीड आधी आपोआप उतरायचं, आता दट्ट्या दाबावा लागतो. दुपारचं फीड नीट जातं, पण सकाळच्या किंवा रात्रीच्या गोळ्यांनंतरच अडतं. नळी उजेडात धरली तर आतून पांढरी किंवा गुलाबी रेघ चिकटलेली दिसते. दाबलं की सिरिंजच्या जोडापाशी गळतं.

दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. नळी छान मोकळी असते, पण औषधाचं गणित चुकतं. बीपी एकदम खाली जातं, बंद झालेल्या फिट परत येतात, पार्किन्सनचा पेशंट लाकडासारखा कडक होतो, किंवा सिरपं सुरू केल्यापासून जुलाब थांबत नाहीत.

तिसरा प्रकार नळी नसलेल्यांचा. गोळी देताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज गुळणी भरून बोलल्यासारखा ओला येतो, संध्याकाळी तोंड धुताना सकाळची गोळी गालात सापडते, महिन्या-दोन महिन्यांत ताप आणि कफ परत परत येतो. पॅरालिसिसच्या काही पेशंटना तर अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच लागत नाही. "खोकत नाहीत म्हणजे नीट गिळतात" असं घरचे सांगतात तेव्हा म्हणूनच माझा लगेच विश्वास बसत नाही.

आधी नुसतं बघा, काही ढकलू नका

याला पैसे लागत नाहीत, एक मिनिट लागतं. नळी उशीखाली दबलीय का? नाकाच्या चिकटपट्टीपाशी मुडपलीय का? पेग, म्हणजे पोटाला भोक पाडून थेट जठरात बसवलेली नळी, असेल तर तिचा क्लॅम्प बंद राहिलाय का? एकदा लोअर परळला टॅक्सीचे पैसे खर्चून गेले आणि क्लॅम्प उघडून परत आले. चहा मात्र मिळाला.

मग नाकपुडीपाशी नळीवरची खूण बघा. रायल्स ट्यूबवर साधारण ५०, ६०, ७० सेंटिमीटरवर खुणा असतात. नळी टाकली त्याच दिवशी नाकपुडीला लागून मार्कर पेनने रेघ मारून घ्या आणि आकडा कागदावर लिहा. आता ती रेघ बाहेर सरकलेली असेल, किंवा टॉर्च मारून तोंडात बघितल्यावर नळीचं वेटोळं दिसलं, तर तपासणी तिथेच संपली. त्या नळीतून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. टोक घशात किंवा श्वासनलिकेत असेल तर तुमचं कोमट पाणी थेट फुप्फुसात जाईल. हवा मारून स्टेथोस्कोपने पोटावर गुडगुड ऐकायची पद्धत अजून बऱ्याच घरांत चालते. तिच्यावर विसंबू नका, टोक भलत्याच जागी असलं तरी तसाच आवाज येऊ शकतो. नवीन नळीची जागा एक्स-रेवरच पक्की होते.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पेशंट डायबेटिक असेल तर नळीतून पाणी जातंय हे बघूनच इन्सुलिन द्यायचं. इन्सुलिन देऊन झालं आणि मग कळलं की फीड जातच नाही, तर शुगर खाली येणार आणि साखरेचं पाणी द्यायला रस्ताच नाही. असं झालंच तर नळीशी झटत बसू नका. ग्लुकोमीटर लावा आणि डॉक्टरांना फोन करा.

कोमट पाणी आणि धीर

नळी जागेवर आहे, पण बंद आहे. पेशंटला ३० ते ४५ अंशांत उठवून बसवा. फीडिंगची ५० मिलीची सिरिंज घ्या. १० मिलीची छोटी सिरिंज हलकी वाटते, पण तेवढ्याच जोरात ती कितीतरी जास्त दाब टाकते आणि नळी फुटू शकते. आधी नळीत अडलेलं जेवढं ओढून निघतंय तेवढं काढा. मग पिण्याचं पाणी कोमट करून, मनगटावर टाकून बघून, वीसेक मिली भरा आणि दट्ट्या हळूच पुढे-मागे करा. ढकलायचं कमी, हलवायचं जास्त. मिनिटभर करून झालं की नळी बंद करून पाच-दहा मिनिटं सोडून द्या, पाण्याला मुरू द्या. मग पुन्हा.

एका गणपतीत लालबागला मला पोचताच आलं नाही. रस्ते बंद, गर्दी एवढी की चालतसुद्धा जाता येईना. फोनवर एकीकडे ढोल-ताशा आणि दुसरीकडे घाबरलेली सून. मी तिला एवढंच सांगत होते, "थांबा. आता काही करू नका. दहा मिनिटांनी परत करा." तिसऱ्या खेपेला नळी सुटली. सुटली ती थांबल्यामुळे. तिने पहिल्याच खेपेला जोर लावला असता तर गोळा आणखी घट्ट बसला असता.

अर्धा तास असं करूनही सुटली नाही तर सोडून द्या. कोल्ड्रिंक घालू नका, अननसाचा रसही नको. नळीत दुधाचं किंवा प्रोटीन पावडरचं फीड असेल तर आंबट लागल्यावर ते नासतं आणि नळीत पनीर तयार होतं. तार घालू नका. हे सांगायला लागू नये, पण मी एका घरात नळीतून हिराच्या झाडूची तुटलेली काडी काढलेली आहे.

आता स्ट्रिप वाचा

नळी सुटली म्हणजे आजचं काम झालं. ती पुन्हा तुंबू नये म्हणून सगळ्या स्ट्रिप टेबलावर मांडा आणि नावापुढची अक्षरं बघा. हीसुद्धा फुकटातली तपासणी आहे, पण कोणी करत नाही.

एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर, एक्सएल, पीआर, रिटार्ड, क्रोनो यांतलं काहीही नावापुढे असेल तर ती गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळायला बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. 'ओडी' या अक्षरांनी बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण गोळीच्या नावातच ओडी असेल तर ती बहुधा याच जातीची. नवीन होते तेव्हा माझ्या हातून हेच झालं. बीपीची निफेडिपिन रिटार्ड मी बारीक कुटून नळीतून दिली. काका तासाभरात घामाघूम, हाक मारली तर नुसतं हुं, बीपी ८४ वर ५०. पाय वर करून झोपवलं, डॉक्टर आले, काका सावरले. तेव्हापासून स्ट्रिप वाचल्याशिवाय मी खलबत्त्याला हात लावत नाही.

ईसी, म्हणजे वरून लेप दिलेली गोळी. हा लेप पोटातलं आम्ल सोसण्यासाठी असतो. पँटोप्राझोलची गोळी अशीच. कुटली की औषध पोटातच मरतं आणि लेपाचे तुकडे नळीत अडकतात, नुकसान दोन्हीकडून. ॲसिडिटीच्या डीएसआर कॅप्सूल तर घरोघरी असतात. त्या उघडल्या की आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे निघतात. लोक ते दुधात टाकून देतात किंवा दगडाने भरडतात. दोन्ही चूक. मी बदललेल्या नळ्यांपैकी कितीतरी नळ्यांच्या टोकाशी हेच दाणे चिकटलेले होते.

एसएल म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी, ती नळीतून द्यायचीच नाही. डीटी दिसलं तर हायसं वाटतं, ती पाण्यात विरघळायलाच बनवलेली असते. कॅन्सरच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेटसुद्धा, घरी कुटायच्या नाहीत. त्यांची धूळ कुटणाऱ्याच्याच नाकात जाते. परळला टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी पेशंटना नळी असते आणि कुटायचं काम घरातल्या एखाद्या तरुण मुलीवर येतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. प्रोस्टेटची फिनास्टेराइडही तशीच. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तिच्या चुऱ्याला हात लावायचा नाही. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या डाबिगाट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, उघडून दिली तर औषध प्रमाणाबाहेर अंगात जातं.

इसबगोल नळीतून कधीच नाही. ते फुगण्यासाठीच असतं, ते नळीतच फुगतं.

कुटणं आणि धुणं

परळच्या एका आजोबांची नळी पंधरा दिवसांत तीनदा बदलली. तिसऱ्या वेळी काढलेली नळी मी फेकली नाही. कात्रीने उभी चिरली आणि सुनेच्या हातात दिली. टोकाची भोकं ओल्या खडूसारख्या पांढऱ्या लगद्याने भरलेली होती आणि त्यात वेलचीचा एक काळा दाणा. गोळ्या चहाच्याच खलबत्त्यात कुटल्या जायच्या. पाच गोळ्या एकत्र भरडायच्या, अर्धी वाटी दुधात कालवायच्या, सिरिंजने घालायच्या आणि वरून घोटभर पाणी. बिचारीला स्टेशन गाठायचं असायचं, आठ-वीसची लोकल. रागवावं तरी कोणावर?

आपली नेहमीची १४ नंबरची नळी म्हणजे किती जाड? नंबराला तीनने भागा, तेवढे मिलिमीटर. म्हणजे बाहेरून पावणेपाचच्या आत, आणि आतलं भोक त्याहून बारीक. लांबी मीटरभर. घोटभर पाण्याने औषध पोटापर्यंत जात नाही, वाटेतच बसून राहतं आणि पुढच्या गोळीची वाट बघतं.

म्हणून एका वेळी एकच औषध. साध्या गोळ्यांपैकी बऱ्याच तर कुटाव्याही लागत नाहीत. सिरिंजचा दट्ट्या काढा, गोळी आत टाका, दट्ट्या परत लावून दहाएक मिली पाणी ओढा आणि तोंड बंद करून हलवत राहा. चार-पाच मिनिटांत पाण्यात विरते. जी विरत नाही तिला दोन चमच्यांत दाबा किंवा वेगळ्या ठेवलेल्या खलबत्त्यात मैद्यासारखी बारीक करा. रव्यासारखी चालत नाही. गाळून घेऊ नका, गाळणीत औषधच राहतं. ज्या वाटीत कालवलं ती वाटी विसळून ते पाणीही द्या. चुरा आदल्या रात्री पुड्या बांधून ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. सकाळी पुडीत खडा मिळतो, आणि कुठली पुडी कशाची ते कोणालाच आठवत नाही.

पाण्याचा क्रम असा: आधी ३० मिली, मग पहिलं औषध, मध्ये १० ते १५ मिली, दुसरं औषध, आणि असं करत शेवटी पुन्हा ३० मिली. पाणी उकळून गार केलेलं. हार्ट, किडनी किंवा सोडियमसाठी पाण्यावर बंधन असेल तर हे सगळं पाणी दिवसाच्या हिशोबात धरावं लागतं. किती द्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. "थोडं थोडं द्या" म्हणाले तर परत विचारा.

औषधानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. पेशंट सांभाळायला ब्युरोतून येणाऱ्या मावशी बदलतात, म्हणून हा सगळा क्रम मोठ्या मराठी अक्षरांत लिहून पलंगाजवळ चिकटवा. ज्या घरांत तो कागद लागला तिथून मला फोन कमी येतात. धंद्याचं नुकसान म्हणा हवं तर.

फीडची वेळ

औषध फीडमध्ये कालवायचं नाही. फीड अर्ध्यावर थांबलं तर औषध किती गेलं ते कळत नाही, आणि आंबट सिरपाने दूध फाटतं ते वेगळंच. शिवाय काही औषधांचं फीडशी जमतच नाही. फिटचं फेनिटॉइन फीडबरोबर गेलं की पुरेसं अंगी लागत नाही. त्यासाठी फीड आधी आणि नंतर तास-दोन तास बंद ठेवायला सांगतात, नेमकं किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधापासून लांब. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला प्रोटीन आडवं येतं, म्हणून प्रोटीन पावडरचं फीड आणि ती गोळी एका वेळी नको.

सिरप दिलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. बऱ्याच सिरपांत सॉर्बिटॉल असतं, चार सिरपं झाली की जुलाब लागतात आणि दोष फीडला मिळतो. दाट सिरप तेवढ्याच पाण्यात पातळ करूनच नळीत घाला.

तोंडाने घेणाऱ्यांसाठी

"आजी, मान वर करा, आ करा, टाकते गोळी." असं करू नका. मान मागे गेली की श्वासनलिकेचा रस्ता उघडा पडतो. ताठ बसवा, मान सरळ, पूर्ण जागं असतानाच द्या. चुरा द्यायची परवानगी असेल तर तो एकाच चमच्यात, कुस्करलेल्या केळ्यात किंवा सफरचंदाच्या गरात. वाटीभर पेजेत घातला तर अर्धी पेज उरते आणि डोसही अर्धाच जातो. दिल्यावर टॉर्चने गाल बघा.

पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्यांना थिकनर, म्हणजे पाणी दाट करणारी पावडर, देतात. त्यात एक खोच आहे. बद्धकोष्ठाची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळली की दाट झालेलं पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. तुम्ही दाट समजून देता, पेशंट पाणी गिळतो.

गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. बोलता येतंय मग स्पीच थेरपिस्ट कशाला, असं लोक विचारतात. घसा त्यांच्याच अभ्यासाचा विषय. नायर रुग्णालयात वाक्-श्रवणाचा वेगळा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. तुमचा पेशंट जिथे दाखवताय तिथल्या डॉक्टरांना "गिळण्याची तपासणी कुठे करू" असंच थेट विचारा.

गोळी बदलून घेणं

हे तुम्ही करायचं नाही, मीही करत नाही. एसआरऐवजी साधी गोळी घेतली की डोस बदलतो, दिवसातून किती वेळा द्यायची तेही बदलतं. मेडिकलवाल्याने "हेच सिरपमध्ये आहे" म्हणून दिलेली बाटली तशीच सुरू करू नका. डॉक्टरांकडे सगळ्या स्ट्रिप घेऊन जा आणि विचारा: यातलं काय कुटता येतं, कशाचं सिरप किंवा डीटी मिळतं, कशाचा पॅच आहे, आणि आता गरजच नाही असं यात काय आहे? शेवटच्या प्रश्नाला एका काकांच्या अकरापैकी चार गोळ्या बंद झाल्या. नळीचं टोक आतड्यात असेल, ज्याला एफजे म्हणतात, तर ते आधी सांगा. ती नळी बारीक असते, आणि काही औषधं पोटातून गेली तरच नीट लागू पडतात.

इथे थांबा

अर्धा तास कोमट पाणी करूनही नळी बंदच असेल, किंवा ती सरकली असेल, फुटली असेल, निघाली असेल, तर डॉक्टर किंवा सिस्टरला बोलवा. रायल्स ट्यूब घरच्यांनी परत आत सरकवायची नाही, अर्धी बाहेर आली असली तरी. पेग निघाली तर वाट बघू नका. तिचं भोक काही तासांतच मिटायला लागतं, आणि ती टाकून महिना झाला नसेल तर त्यात काहीही घालू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

नळी बंद आणि फिटची, पार्किन्सनची किंवा हार्टची गोळी चुकतेय, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता फोन केला म्हणून कोणी रागावलं तर रागावू दे.

औषध देताना धाप लागली, ओठ निळसर झाले, छातीत घुरघुर सुरू झाली, नळीतून रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं आलं, पोट टणक फुगून उलटी झाली, किंवा गोळीनंतर पेशंट हाकेला ओ देईना, तर देत असलेलं तिथेच बंद करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घ्या, रिकाम्यासुद्धा. शेवटचं काय दिलं, किती वाजता आणि कुटून की तसंच, हे एका चिठ्ठीवर लिहून वर ठेवा.